लाइटनर विटमर

लाइटनर विटमर (जन्म : २८ जून, इ.स. १८६७; मृत्यू : १९ जुलै, इ.स. १९५६) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. इ.स. १८९६ मध्ये फिलाडेल्फिया येथील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. शिकण्यात, बोलण्यात किंवा वागण्यात अडचणी असलेल्या मुलांची तपासणी आणि त्यांचे शिक्षण हे या चिकित्सालयाचे मुख्य काम होते. 'चिकित्सा मानसशास्त्र' ही संज्ञा रूढ करण्याचे आणि या शाखेच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचा पाया घालण्याचे श्रेय विटमर यांना दिले जाते. शालेय मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण या क्षेत्रांच्या इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. विशेष गरजा असलेल्या मुलाचा प्रश्न एकट्या डॉक्टरने, शिक्षकाने किंवा मानसशास्त्रज्ञाने सोडवण्याजोगा नसून या सर्वांनी मिळून हाताळण्याचा आहे, ही त्यांच्या कार्यामागील मध्यवर्ती भूमिका होती.

जन्म आणि शिक्षण

विटमर यांचा जन्म फिलाडेल्फिया शहरात झाला. त्यांचे वडील औषधांच्या व्यवसायात होते. शालेय शिक्षणानंतर विटमर यांनी इ.स. १८८४ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि इ.स. १८८८ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी फिलाडेल्फियातील रग्बी अकादमी या शाळेत शिक्षक म्हणून काम केले. महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी करणारा त्यांचा एक विद्यार्थी इतर विषयांत बरा असूनही भाषेत फार मागे होता. विटमर यांनी त्याच्याकडे वैयक्तिक लक्ष दिले. मुलाला शब्दांचे उच्चार नीट करता येत नाहीत, विशेषतः शब्दांचे शेवटचे ध्वनी त्याच्याकडून सुटतात आणि त्याच्या भाषेतील अडचणीचे मूळ त्यात असावे, असे त्यांना आढळले. हा दोष लहानपणीच ओळखला गेला असता तर मुलाची अनेक वर्षे वाया गेली नसती, असा निष्कर्ष त्यांनी पुढे या अनुभवावरून काढला.

याच सुमारास विद्यापीठात जेम्स मॅककीन कॅटेल यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन सुरू केले होते. विटमर त्यांच्याकडे पदव्युत्तर अभ्यास करू लागले आणि त्यांचे साहाय्यकही झाले. माणसामाणसांतील मानसिक फरक मोजणे हा कॅटेल यांच्या अभ्यासाचा विषय होता. कॅटेल यांच्याच सल्ल्याने विटमर इ.स. १८९१ मध्ये जर्मनीतील लाइप्झिग येथे विल्हेल्म वुंट यांच्याकडे गेले. वुंट यांनी इ.स. १८७९ मध्ये स्थापन केलेली तेथील प्रयोगशाळा त्या काळी प्रायोगिक मानसशास्त्राचे प्रमुख केंद्र होती. निरनिराळ्या प्रमाणांच्या आकृती पाहणाऱ्याला कितपत सुंदर वाटतात, या विषयावर प्रबंध लिहून विटमर यांनी डॉक्टरेट मिळवली. दरम्यान कॅटेल कोलंबिया विद्यापीठात गेल्यामुळे इ.स. १८९२ मध्ये मायदेशी परतलेल्या विटमर यांच्याकडे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेची सूत्रे आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संस्थेचे ते संस्थापक सदस्य होते.

चिकित्सालयाची स्थापना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहरांमधून शालेय शिक्षणाचा झपाट्याने प्रसार होत होता. शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या वाढली, तशी वर्षानुवर्षे एकाच इयत्तेत राहणाऱ्या मुलांचीही संख्या शिक्षकांच्या नजरेत भरू लागली. अशा मुलांना आळशी, हट्टी किंवा मंदबुद्धी ठरवले जाई. त्यांपैकी काहींची रवानगी निवासी संस्थांमध्ये होत असे आणि तेथून परत येणे बहुधा घडत नसे. त्यामुळे मूल खरोखर शिकू शकत नाही की त्याच्या वाटेत एखादा दूर करता येण्याजोगा अडथळा आहे, हे ठरवण्यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असे.

विटमर शाळाशिक्षकांसाठी मानसशास्त्राचे वर्ग घेत असत. या वर्गातील मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने मार्च १८९६ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची अडचण त्यांच्यापुढे मांडली. मुलगा इतर बाबतींत हुशार होता, परंतु त्याला शब्दांचे लेखन आणि वाचन जमत नव्हते. मानसशास्त्राला मनाचे शास्त्र म्हणवायचे असेल तर त्याने अशा मुलाला मदत करता आली पाहिजे, अशी मॅग्वायर यांची रास्त अपेक्षा होती. यासंबंधी मार्गदर्शन करील असा कोणताही ग्रंथ त्या वेळी विटमर यांना उपलब्ध नव्हता. त्यांनी प्रयोगशाळेतील साधनांनी मुलाची तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीत दोष असल्याचे लक्षात आले. नेत्रतज्ज्ञाकडून चष्मा करून घेण्यात आला. मात्र चष्म्याने दृष्टी सुधारली तरी वाचन आपोआप सुधारले नाही. इतक्या वर्षांत न शिकलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागली आणि हे शिकवण्याचे काम मॅग्वायर व विटमर यांनी मिळून केले. विटमर यांनी पुढे चार्ल्स गिलमन या टोपणनावाने या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. चिकित्सा मानसशास्त्राच्या इतिहासात ती पहिली नोंद मानली जाते.

या एका प्रकरणातच विटमर यांच्या पुढील पद्धतीचे सर्व घटक दिसतात. अडचण शिक्षिकेने ओळखली, मानसशास्त्रज्ञाने तपासली, वैद्यकीय तज्ज्ञाने त्यातील शारीरिक भागावर उपाय केला आणि अखेर उपचाराचा मुख्य भार पुन्हा शिक्षणावरच आला.

याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात विटमर यांनी मानसशास्त्राच्या व्यावहारिक कार्याची योजना मांडली. तिचे चार भाग होते. पहिला, शाळकरी मुलांच्या मानसिक विकासाचा सांख्यिकीय आणि चिकित्सात्मक पद्धतींनी अभ्यास. दुसरा, मानसशास्त्रीय चिकित्सालय आणि त्याला जोडून रुग्णालयवजा प्रशिक्षणशाळा. तिसरा, शिक्षक, डॉक्टर आणि समाजसेवेत काम करणाऱ्यांना प्रत्यक्ष मुलांच्या निरीक्षणातून प्रशिक्षण. चौथा, शाळांमध्ये आणि डॉक्टरांच्या बरोबरीने काम करू शकेल अशा मानसशास्त्रीय तज्ज्ञाचा नवा व्यवसाय घडवणे. त्या वेळच्या मानसशास्त्रज्ञांना आपले शास्त्र प्रयोगशाळेपुरते शुद्ध ठेवण्यात अधिक रस होता. त्यामुळे या योजनेला फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

चिकित्सालयाची कार्यपद्धती

सुरुवातीच्या काळात चिकित्सालय आठवड्यातील मोजके तासच चालत असे. पुढे देणग्या मिळू लागल्यावर त्याचा विस्तार झाला आणि इ.स. १९०९ मध्ये विद्यापीठाने प्रयोगशाळा व चिकित्सालय यांना औपचारिक दर्जा देऊन विटमर यांची संचालक म्हणून नेमणूक केली. मुले शाळांकडून, पालकांकडून, डॉक्टरांकडून तसेच धर्मादाय संस्थांकडून पाठवली जात.

तपासणीचा प्रारंभ शारीरिक बाबींपासून होई. दृष्टी, श्रवण, दात, नाक व घसा, पोषण आणि मज्जासंस्था यांची तपासणी त्या त्या तज्ज्ञाकडून करून घेतली जात असे. समाजकार्यकर्ती मुलाच्या घरी जाऊन कुटुंबाची परिस्थिती, आहार, झोप आणि मुलाचा पूर्वेतिहास यांची माहिती आणत असे. मानसिक तपासणीत निरनिराळ्या आकारांचे लाकडी ठोकळे योग्य खाचांत बसवण्याचा फलक आणि विटमर यांच्या नावाने ओळखला जाणारा दंडगोलांचा संच यांसारखी साधने वापरली जात. मुलाने काम किती वेळात पूर्ण केले यापेक्षा ते कसे केले, चूक झाल्यावर त्याने काय केले आणि दुसऱ्या प्रयत्नात त्यात सुधारणा झाली का, याकडे विटमर यांचे अधिक लक्ष असे.

अनेकदा निदान तेथेच थांबत नसे. मुलाला काही काळ प्रत्यक्ष शिकवून पाहिले जाई आणि तो कसा शिकतो यावरून निष्कर्ष काढला जाई. या निदानात्मक अध्यापनाला विटमर फार महत्त्व देत. मूल मागे पडले आहे असे म्हणताना त्याची तुलना केवळ इतर मुलांशी न करता, ते स्वतः जेथवर पोहोचू शकले असते त्या पातळीशी करावी, असे त्यांचे मत होते. इटार, सेगँ आणि त्यांच्याही आधीचे पेरैर यांनी फ्रान्समध्ये कर्णबधिर आणि मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसोबत केलेल्या कार्याचा वारसा ते मान्य करीत असत.

'चिकित्सा' हा शब्द विटमर यांनी वैद्यकशास्त्रातून घेतला. परंतु त्यांच्या दृष्टीने तो जागा दाखवणारा शब्द नसून पद्धत दाखवणारा होता. एकेका व्यक्तीची बारकाईने तपासणी करणे, तिच्यासाठी उपाय योजणे आणि त्या उपायाच्या परिणामावरून शास्त्रीय ज्ञान वाढवणे, असा त्याचा अर्थ होता. हा अभ्यास वैद्यकशास्त्र, समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्ही शाखांशी निगडित आहे, मात्र त्यांपैकी कोणत्याही एका शाखेत तो पूर्णपणे सामावत नाही, असे ते मानत.

पदव्युत्तर प्रशिक्षण

इ.स. १८९७ मधील उन्हाळी वर्गापासून विटमर यांनी प्रात्यक्षिकांसह प्रशिक्षण सुरू केले. विद्यार्थ्यांसमोर मुलाची तपासणी केली जाई आणि प्रत्येक निष्कर्षाची कारणे तेथेच समजावून दिली जात. वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णशय्येजवळच्या अध्यापनाशी ही रीत मिळतीजुळती होती. आजच्या गोपनीयतेच्या निकषांवर अशी खुली तपासणी स्वीकारार्ह ठरणार नाही. परंतु त्या काळी मानसशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी प्रयोगशाळेतील उपकरणांपलीकडे क्वचितच जात असे, ही बाब लक्षात घेता तिचे वेगळेपण जाणवते.

विटमर यांचे विद्यार्थी एकाच शाखेतील नव्हते. शाळेत काम करणारे शिक्षक, समाजकार्यकर्ते आणि डॉक्टरेटसाठी अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ यांना एकच मूल निरनिराळ्या अंगांनी पाहण्याची सवय लावणे, हा या प्रशिक्षणाचा हेतू होता. फिलाडेल्फियाजवळील एल्विन येथे मतिमंद मानल्या जाणाऱ्या मुलांची मोठी प्रशिक्षणसंस्था होती. विटमर तेथे सल्लागार म्हणून काम करीत आणि निरनिराळ्या स्वरूपाच्या अडचणी असलेल्या मुलांचा अनुभव त्यांना तेथे मिळाला.

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी विद्यापीठात एक प्रायोगिक विशेष वर्ग चालवण्यात आला आणि त्याचा वृत्तांत इ.स. १९११ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. शिक्षक आणि बालकल्याणाचे विद्यार्थी यांचे प्रशिक्षण व्हावे यासाठी हा वर्ग भरवण्यात आला होता. वर्गातील मुलांचे शिक्षण आणि मोठ्यांचे प्रशिक्षण एकाच ठिकाणी, एकाच वेळी होणे हे त्याचे वैशिष्ट्य होते.

चिकित्सालयाच्या शाखाही वाढत गेल्या. इ.स. १९१४ मध्ये एडविन ट्विटमायर यांच्या नेतृत्वाखाली वाचादोषांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. याच ट्विटमायर यांना विसाव्या शतकाच्या प्रारंभी, पावलॉव्ह यांच्या संशोधनाशी संबंध नसताना, अभिसंधित प्रतिक्षेपाचा शोध लागला होता. पुढे मॉरिस व्हिटेलेस यांनी व्यवसाय मार्गदर्शनाची शाखा चालवली. व्हिटेलेस नंतर औद्योगिक मानसशास्त्राचे प्रमुख अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. चिकित्सालयातील आणखी एक सहकारी आर्थर होम्स यांनी तेथील कार्यपद्धतीवर इ.स. १९१२ मध्ये ग्रंथ लिहिला.

नियतकालिक

इ.स. १९०७ मध्ये विटमर यांनी 'द सायकॉलॉजिकल क्लिनिक' हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकातील लेखात त्यांनी चिकित्सा मानसशास्त्राची संकल्पना, तिचे क्षेत्र आणि नव्या व्यवसायाची गरज यांचे विवेचन केले. हा लेख या शाखेचा आरंभबिंदू मानला जातो. चिकित्सालयातील मुलांच्या सविस्तर हकिकती, विशेष वर्गांचे अहवाल, शाळांतील आरोग्य तपासणी आणि एकाच इयत्तेत राहणाऱ्या मुलांचे प्रश्न असे विषय या नियतकालिकातून हाताळले गेले. त्याचे प्रकाशन इ.स. १९३५ पर्यंत चालू होते.

निवासी शाळा आणि डॉनचे प्रकरण

काही मुलांना आठवड्यातून एक-दोन वेळा चिकित्सालयात आणणे पुरेसे नव्हते. त्यांच्यासाठी विटमर यांनी इ.स. १९०८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील रोझ व्हॅली येथे लहानशी निवासी शाळा सुरू केली. पुढे ती डेव्हन येथे हलवण्यात आली. मुलाच्या विकासातील अडथळे दूर करून त्याला विकासाच्या स्वाभाविक मार्गावर आणण्याच्या शास्त्राला विटमर 'ऑर्थोजेनिक्स' म्हणत.

या शाळेतील डॉन या टोपणनावाच्या मुलाची हकिकत विशेष प्रसिद्ध आहे. तिसरे वर्ष पूर्ण होण्याआधीच त्याला तेथे आणण्यात आले. तो बोलत नसे, माणसांकडे लक्ष देत नसे आणि हातातील एखाद्या वस्तूकडे दीर्घकाळ पाहत बसे. त्याला मतिमंद ठरवण्यात आले होते आणि आरंभी विटमर यांनाही त्याच्याकडून फारशी आशा वाटत नव्हती. शिक्षिकांनी दीर्घकाळ, दररोज, चिकाटीने केलेल्या प्रयत्नांनंतर मुलगा बोलू लागला आणि पुढे वाचू-लिहू लागला. त्याच्या स्थितीच्या मुळाशी तीव्र भीती होती, असा विटमर यांचा निष्कर्ष होता. त्यांनी वर्णिलेली लक्षणे आजच्या स्वमग्नतेच्या लक्षणांशी जुळतात, असे काही आधुनिक अभ्यासकांना वाटते. स्वमग्नतेचे स्वतंत्र निदान त्यानंतर सुमारे दोन दशकांनी, इ.स. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी मांडले.

आनुवंशिकता आणि बुद्धिमापन

विटमर यांच्या कार्यकाळातच अमेरिकेत सुप्रजननवादाचा प्रभाव वाढला. इंडियाना राज्याने इ.स. १९०७ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. व्हाइनलँड येथील हेन्री गॉडर्ड यांनी मतिमंदत्व आणि गुन्हेगारी आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले आणि बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचा अमेरिकेत प्रसार केला. एका चाचणीच्या गुणांवरून मुलाचे भवितव्य ठरवण्यास विटमर यांचा विरोध होता. चाचणीतील गुण ही तपासणीतील अनेक गोष्टींपैकी केवळ एक गोष्ट आहे, असे ते मानत. गरिबी, कुपोषण, आजार आणि अयोग्य शिक्षण यांमुळेही मूल मागे पडते, याचे पुरावे त्यांना चिकित्सालयात वारंवार मिळत होते. त्यामुळे आनुवंशिकतेचा निष्कर्ष परिस्थितीची सर्व कारणे तपासून झाल्यावरच काढावा, अशी त्यांची भूमिका उत्तरोत्तर ठाम होत गेली.

असे असले तरी ते आपल्या काळाच्या समजुतींपासून पूर्णपणे मुक्त नव्हते. काही व्यक्तींना कायमस्वरूपी संस्थेतच ठेवावे लागेल, हे त्या काळी रूढ असलेले मत त्यांच्या लेखनातही आढळते. तसेच त्यांनी वापरलेल्या अनेक संज्ञा आज अवमानकारक मानल्या जातात.

इतर कार्य आणि वाद

इ.स. १९०४ मध्ये विटमर विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी एमा रेप्लियर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ.स. १९०९ मध्ये रंगमंचावर खेळ करणाऱ्या पीटर नावाच्या चिंपांझीची त्यांनी मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांनीच तपासणी केली. हा प्रयोग त्या काळी बराच गाजला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी इटलीत रेड क्रॉसच्या मदतकार्यात भाग घेतला.

विटमर स्पष्टवक्ते आणि काहीसे भांडखोर म्हणून ओळखले जात. मनोव्यापारांच्या गूढ शक्तींविषयी विल्यम जेम्स यांना असलेले आकर्षण अशास्त्रीय आहे, अशी जाहीर टीका त्यांनी केली. जेम्स यांच्या प्रतिष्ठेमुळे ही टीका अनेकांना रुचली नाही. बालमजुरीविरुद्ध बोलणारे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट निअरिंग यांना पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने इ.स. १९१५ मध्ये सेवेतून दूर केले, तेव्हा विटमर यांनी आपल्याच विद्यापीठाच्या निर्णयावर टीका करणारे पुस्तक त्याच वर्षी लिहिले.

उत्तरायुष्य

इ.स. १९३१ मध्ये चिकित्सालयास ३५ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त रॉबर्ट ब्रोटमार्कल यांनी संपादित केलेला गौरवग्रंथ विटमर यांना अर्पण करण्यात आला. इ.स. १९३७ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. १९ जुलै १९५६ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

विटमर यांनी जी शाखा सुरू केली, ती त्यांच्या हयातीतच त्यांच्यापासून दूर गेली. विल्यम हीली यांनी इ.स. १९०९ मध्ये शिकागो येथे बालगुन्हेगारांसाठी सुरू केलेली संस्था आणि इ.स. १९२० नंतर पसरलेली बालमार्गदर्शन केंद्रे मनोविकारतज्ज्ञांच्या नेतृत्वाखाली चालत. त्यांचा भर भावनिक प्रश्नांवर आणि मनोविश्लेषणावर होता. विटमर मात्र शिक्षणातून उपचार या आपल्या मार्गावरच राहिले आणि मनोविश्लेषणाचा त्यांच्या कार्यावर फारसा प्रभाव पडला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चिकित्सा मानसशास्त्र प्रामुख्याने प्रौढांच्या मानसोपचाराकडे वळले आणि विटमर यांचे नाव पाठ्यपुस्तकांतील एका ओळीपुरते उरले. त्यांनी व्यापक सिद्धान्त मांडला नाही आणि त्यांच्या हकिकतींमध्ये उपचाराचा परिणाम तपासण्यासाठी तुलनात्मक गट नव्हते, हे आक्षेपही त्यांच्यावर घेतले जातात.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या क्षेत्रात मात्र त्यांच्या कल्पना नव्या रूपात पुढे आल्या. अमेरिकेत इ.स. १९६३ च्या कायद्यानंतर विकासात्मक अपंगत्वाच्या क्षेत्रात विद्यापीठांशी संलग्न केंद्रे उभी राहिली. तेथे निरनिराळ्या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकत्र प्रशिक्षण दिले जाऊ लागले. अपंग मुलांच्या शिक्षणासंबंधीच्या इ.स. १९७५ च्या कायद्यानुसार मुलाचे मूल्यमापन एका चाचणीवर किंवा एका व्यक्तीच्या मतावर न करता अनेक शाखांच्या गटाने करणे बंधनकारक झाले. या तरतुदी थेट विटमर यांच्या प्रभावातून आल्या असे म्हणता येत नाही. मात्र त्यांच्यामागील विचार आणि विटमर यांच्या चिकित्सालयातील रीत यांत ठळक साम्य आहे.

चिकित्सालयाच्या शताब्दीनिमित्त इ.स. १९९६ मध्ये त्यांच्या कार्याचा नव्याने अभ्यास झाला. पॉल मॅकरेनॉल्ड्स यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इ.स. १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शालेय मानसशास्त्र विभागातर्फे तरुण संशोधकांना विटमर यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.